लेकरू खाईना

निवृत्त तहसीलदार वर्षभरात साधा माणूस होतो. निवृत्त फौजदाराला जरा जास्त वेळ लागतो, पण तोही होतो. जिल्हा परिषदेचे गुरुजी मात्र निवृत्त झाले तरी गुरुजीच राहतात. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ नाहीतर वसमत, कुठल्याही तालुक्यात जा आणि एखाद्या मोठ्या गावात शिक्षक कॉलनीचा पत्ता विचारा. कॉलनी सापडेल आणि तिच्या तोंडाशीच, ओट्यावर खुर्ची टाकून, येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घेत बसलेले गुरुजीही सापडतील.

पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट. खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. निळ्यानं आपण लिहायचं, लाल्यानं दुसऱ्याचं तपासायचं. निवृत्तीनंतर निळ्याचं काम संपतं, लाल्याचं वाढतं. लग्नपत्रिका आली की गुरुजी मुहूर्त नंतर बघतात, आधी वेलांट्या बघतात. किराणावाल्याची बेरीज ते पुन्हा करतात. बोलणं प्रमाण मराठीत, पूर्णविरामासकट. राग आला की मात्र प्रमाण भाषा सुटते आणि खाली दडलेली सेनगावची बोली वर येते. तेव्हा समोरच्यानं समजावं, की आता प्रकरण गंभीर आहे.

गुरुजींच्या कर्तबगारीतलं सर्वांत मोठं प्रकरण म्हणजे खिचडी. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सरकारी शाळांतल्या पोरांना शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला आणि पुढं गुरुजींच्या आयुष्यात खडूइतकीच खिचडी आली. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. हे आकडे गुरुजी झोपेत विचारले तरी सांगतात. आलेला तांदूळ, शिजलेला तांदूळ, शिल्लक तांदूळ, सगळ्याचा ताळमेळ. शिवाय चव रजिस्टर. पोरांना वाढण्याआधी आपण घास खायचा, 'चव चांगली' असं लिहायचं आणि सही ठोकायची. खिचडी करपली त्या दिवशीही रजिस्टरात चव चांगलीच होती. कारण करपलीचा रकानाच नव्हता.

"दोनशे पोरं जेवू घातली मी," गुरुजी सांगतात, "एकानंही नाही म्हटलं नाही." हे वाक्य ते निरोप समारंभात बोलले, लग्नात बोलतात, आणि दहाव्याच्या जेवणातही, आवाज खाली करून, बोलतात.

अशा माणसाच्या घरी नात सहा महिन्यांची झाली.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जावई पुण्याला कंपनीत, शिफ्टची नोकरी, दोन खोल्यांचं घर. म्हणून लेकरू जरा सावरेपर्यंत इथंच राहायचं ठरलं. छकुली सहा महिने फक्त आईच्या दुधावर होती आणि बाळसंही चांगलं धरलं होतं. तोवर गुरुजींना त्या विषयात काही अधिकार नव्हता. उष्टावणाची गोष्ट निघाली आणि अधिकार आला.

उष्टावण कधी करायचं यावर घरात दोन पक्ष पडतील असं वाटत होतं. आजी म्हणाल्या, मुलगी आहे, विषम महिन्यातच करायचं. मुलगा असता तर सम महिना. अंगणवाडीची ताई म्हणाली, सहा महिने पूर्ण होईस्तोवर पाण्याचा थेंबसुद्धा नको, मग मात्र उशीर नको. गुरुजींनी कॅलेंडर उतरवून हिशेब मांडला. सहा महिने पूर्ण म्हणजे सातवा चालू. सातवा म्हणजे विषम. पंचांग आणि जागतिक आरोग्य संघटना एकाच तारखेवर आल्याचा गुरुजींना इतका आनंद झाला, की त्यांनी तो सेवानिवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवला. ग्रुपवर सव्वीस नमस्कार आणि एक श्रद्धांजली आली. श्रद्धांजली दुसऱ्या कुणाची तरी होती.

उष्टावण थाटात झालं. मामानं मांडीवर घेतलं, सोन्याच्या अंगठीनं खिरीचा ठिपका जिभेला लावला. छकुलीनं ओठ चाटले, डोळे मोठे केले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी जाहीर केलं, "लेकरू खाणारं आहे. उद्यापासून माझ्याकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता गुरुजी भिंतीला टेकून मांडी घालून बसले. समोर चांदीची वाटी, तीत मऊ भात आणि तुरीचं वरण, वर वसमतच्या हळदीची चिमूट आणि तुपाचा थेंब. छकुलीच्या गळ्यात लाळेरं. लेक, आजी, मामा आणि शेजारच्या काकू अर्धवर्तुळात. गुरुजींनी चमचा भरला, फुंकला, स्वतःच्या ओठाला लावून ऊन आहे का बघितलं आणि पुढं नेला. लेकराला भरवताना मोठ्या माणसाचं तोंड आपोआप उघडतं. गुरुजींचं उघडलं, लेकीचं उघडलं, आजींचं उघडलं, मामाचं उघडलं, काकूंचं तर आधीपासून उघडंच होतं. पाच तोंडं उघडली. ज्याचं उघडायचं ते मिटलं.

छकुली चमच्याकडं बघत नव्हती. तिला गुरुजींच्या उघड्या तोंडात काहीतरी चकाकताना दिसलं होतं. तिनं हात घातला आणि वरची कवळी धरली. गुरुजींनी कवळी सोडवायला मान मागं घेतली, चमचा पुढं गेला, थोडा भात कसाबसा छकुलीच्या ओठांत शिरला. सगळे श्वास रोखून. छकुलीनं तो जिभेनं पुढं आणला, क्षणभर विचार केला आणि 'फुर्र' केलं. भात शर्टावर, वरण चष्म्यावर, एक शीत खिशातल्या लाल पेनाच्या टोपणावर.

हळदीचा डाग आणि साबण यांचं जमत नाही; साबण लागला की पिवळा डाग लाल होतो. आजींनी शर्ट धुतला तेव्हा छातीवर लाल ठिपके उमटले. भौगोलिक मानांकन मिळालेली हळद आहे, तिनं आपलं काम चोख केलं. शर्ट दोन दिवस उन्हात वाळत पडला तेव्हा कुठं डाग फिकटला. तेवढ्यात दुसऱ्या शर्टाचा नंबर लागला होता.

पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले. अनुक्रमांक, दिनांक, वेळ, पदार्थ, दिलेले चमचे, पोटात गेलेले चमचे, सांडलेले चमचे, शेरा, सही. सांडलेलं मोजायला गुरुजींनी लाळेरं झटकून वाटीत गोळा केलं, हेही आम्ही पाहिलं आहे. तरी ताळमेळ लागेना. चार चमचे दिले, एक पोटात, दोन लाळेऱ्यावर, मग चौथा गेला कुठं? तो संध्याकाळी छकुलीच्या कानामागं सापडला. शेऱ्याचा रकाना वाचण्यासारखा होता. सोमवारी 'असमाधानकारक'. मंगळवारी 'लक्ष विचलित'. बुधवारी केळं कुस्करून दिलं, 'रुची दिसते'. गुरुवारी त्याच केळ्याला तिनं हात लावला नाही, 'वर्तनात सातत्य नाही'. शुक्रवारी 'पालकांना बोलवावे'. पालक, म्हणजे लेक, शेजारीच बसली होती.

वेळापत्रकही झालं. भरवायच्या वेळी गुरुजी ताटलीवर चमचा वाजवत. दोन-चार दिवसांत छकुलीला ताटलीचा अर्थ बरोबर कळला. घंटा झाली की ती रडायला लागे. अशी प्रगती गुरुजींच्या शाळेत अनेक पोरांनी दाखवली होती.

यश येईना तसे गुरुजी संतांकडं वळले. संत नामदेव म्हणजे हिंगोलीकरांचा घरचा विषय. जन्मगाव नर्सी याच जिल्ह्यातलं. लहानग्या नामदेवानं हट्ट धरून विठ्ठलाला नैवेद्य खायला लावला, ही कथा गुरुजींनी चौथीच्या वर्गाला वर्षानुवर्षं सांगितलेली. चमत्कार पंढरपुरातला हे ते मान्य करतात, पण माणूस आपल्या जिल्ह्याचा, असं लगेच जोडतात. "आपल्या जिल्ह्यानं देवाला जेवू घातलंय," ते छकुलीला म्हणाले, "तू काय चीज आहेस?" आजी आतून म्हणाल्या, "नामदेव लेकरू होता आणि देव मोठा होता. इथं उलटं हाय." दुसरी कथा औंढ्याची. नामदेवाला देवळामागं जाऊन कीर्तन कर म्हटलं, तेव्हा नागनाथाचं देऊळच त्याच्याकडं फिरलं, अशी आख्यायिका. गुरुजींनी ती सांगायला सुरुवात केली आणि चमचा पुढं केला. छकुलीनं तोंड फिरवलं. गुरुजी बाजू बदलून बसले. तिनं परत फिरवलं. आजी म्हणाल्या, "बघा, तुमच्या कथेचा गुण आला."

लेकरू खाईना ही बातमी गावात पसरायला वेळ लागत नाही. सल्ला द्यायला पदवी लागत नाही, फक्त चहा लागतो. एक काकू आल्या, म्हणाल्या, नजर लागलीय. मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली, तडतडली, म्हणजे लागलीच होती. दुसऱ्या म्हणाल्या, दात येतायत. एका मावशींनी सांगितलं, चहात ग्लुकोजचं बिस्किट बुडवून द्या, आमचा नातू त्याच्यावरच मोठा झाला. तो नातू दारातच उभा होता आणि काही मोठा दिसत नव्हता. एक जण मध चाटवा म्हणून बाटली घेऊन आले. मामानं मोबाइल पुढं धरला. छकुलीनं मोबाइल मात्र आनंदानं तोंडात घातला. आणि सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की वरणाचं पाणी द्या, वरणाचं पाणी कधी वाया जात नाही. म्हणून वरणाचं पाणी सुरू झालं. ते खाली उतरे, म्हणून गुरुजींनी शेरा लिहिला, 'समाधानकारक.'

अखेर एका दुपारी, पाच चमचे फुर्र झाल्यावर, गुरुजींची प्रमाण भाषा सुटली. "कामून खाईना ही? नाक दाबल्याबिगर तोंड उघडत नसतंय!" असं म्हणून त्यांनी ती म्हण प्रत्यक्षात आणायला हात पुढं केला. तेवढ्यात दारातून आवाज आला, "गुरुजी, हात खाली."

अंगणवाडीची ताई दारात उभी होती. ती गुरुजींचीच विद्यार्थिनी, चौथीतली. भागाकार कच्चा, असं गुरुजी अजून सांगतात. खांद्याला पिशवी, पिशवीत वजनकाटा, हातात पोषण ट्रॅकर भरायचा मोबाइल. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून या देशातल्या खेड्यापाड्यांत लेकरांचं वजन कुणी केलं असेल तर या बायांनी केलं आहे. पण गुरुजींच्या लेखी ती अजून तिसऱ्या बाकावरची पोरगी होती. ती आत आली, छकुलीला काट्यात ठेवलं, तक्त्यावर टिंब दिलं आणि म्हणाली, "हिरव्या पट्ट्यात हाय. मागच्या महिन्यापेक्षा वाढलंय. कशाची काळजी करताय?"

गुरुजींनी वही पुढं केली. ताईनं वही वाचली. हसू दाबायला तिनं पदर तोंडाला लावला. मग ती खाली बसली आणि गुरुजींना शिकवू लागली. तो तास आम्ही ओट्यावरून ऐकला.

"किती खायला पाहिजे असं तुम्हांला वाटतंय?" तिनं विचारलं.

"एक वाटी. सकाळ-संध्याकाळ."

"सुरुवातीला दोन-तीन चमचे. तेवढंच. दिवसातून दोनदा-तीनदा. मग हळूहळू अर्धी वाटी."

गुरुजींना पटेना. शाळेत पहिलीच्या पोराला एका जेवणातून ४५० उष्मांक द्यायचे असतात, हा त्यांचा पाया. ताई म्हणाली, आईचं दूध चालू असलेल्या सहा ते आठ महिन्यांच्या लेकराला वरच्या खाण्यातून अख्ख्या दिवसात साधारण २०० उष्मांक लागतात. बाकीचं दूध देतं. नवव्या महिन्यापासून ३०० धरा. म्हणजे पहिलीच्या पोराच्या एका ताटात छकुलीचे दोन दिवस निघतात. गुरुजींनी मनात भागाकार केला. बरोबर आला.

"आणि हे थुंकणं?"

"ते थुंकणं नाही, गुरुजी. आजवर तिनं फक्त दूध ओढलंय. घट्ट काही जिभेवर आलं की जीभ ते बाहेर ढकलते, नाहीतर आधीच घशात अडकलं असतं. ती सवय आता मोडत आलीय. गिळायला शिकतीय. एखादी चव आवडायला आठ-दहा वेळा समोर यावी लागते, काही लेकरांना त्याहून जास्त. तुम्ही गुरुवारी केळं बंद केलं. पाढा एकदा चुकला म्हणून तुम्ही कधी पोराला शाळेतून काढलंत का?"

गुरुजी काही बोलले नाहीत, म्हणजे एखाद-दुसऱ्याला काढलं असावं.

मग ताईनं स्वयंपाकघराचा ताबा घेतला. वरणाचं पाणी बंद. पाण्यानं पोट भरतं, अंगाला काही लागत नाही, आणि पोट भरलं की दूधही नको होतं. वरण-भात कुस्करून इतका घट्ट करायचा, की चमचा वाकडा केला तरी घरंगळू नये. आईकडून आणलेली लोहाची शिदोरी सहाव्या महिन्यात संपत येते, म्हणून डाळ, हिरवी भाजी, आणि घरात चालत असेल तर अंडं. माळकरी घर, अंड्याचं नाव निघताच आजींनी कानाला हात लावला. ताई म्हणाली, बरं, मग डाळ वाढवा आणि वर लिंबाचे दोन थेंब पिळा, लोह अंगी लागायला मदत होते. वर्षभर मीठ नाही, साखर नाही. मध तर अजिबात नाही; त्यातले जिवाणू मोठ्यांना काही करत नाहीत, तान्ह्याला जीवघेणे ठरू शकतात. मधाची बाटली ज्यांची त्यांना परत गेली. फुटाणे, शेंगदाणे अख्खे द्यायचे नाहीत, घशात अडकतात. आणि नाक दाबायचं तर नाव काढायचं नाही. रडताना घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि नाही गेला तरी लेकरू चमच्याला भ्यायला शिकतं, ते वेगळंच.

"काळजी कधी करायची?" हा प्रश्न लेकीनं विचारला. सगळ्यांत कमी बोलणारी तीच होती आणि सगळ्यांत कामाचा प्रश्नही तिचाच.

"वजन वाढायचं थांबलं, लेकरू मलूल पडलं, लघवी कमी झाली, दर घासाला ठसका लागायला लागला, तर डॉक्टर. तोवर धीर."

उठताना ताई दारात थांबली. "गुरुजी, एक विचारू? तुमच्या शाळेत दोनशे पोरं खिचडी खायची. तुम्ही कुणाला भरवत होता?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. भरवत कुठं होते? पोरं रांगेत बसायची, ताटल्या वाजवायची, वाढलं की खायची. गुरुजी चव रजिस्टरावर सही करून कार्यालयात शिल्लक तांदळाचा हिशेब लिहीत बसायचे. कुणी किती खाल्लं हे त्यांनी एकाही पोराच्या तोंडाकडं बघून ठरवलं नव्हतं. पोरं जेवायची, कारण भूक पोरांची होती आणि गुरुजींचं लक्ष दुसरीकडं होतं.

हे जगानंही फार पूर्वी तपासून पाहिलं आहे. अमेरिकेतल्या क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टरबाईंनी दूध सुटत असलेल्या लेकरांपुढं ताटं मांडली आणि काय खायचं, किती खायचं, हे लेकरांवरच सोडलं. १९२८ मध्ये त्यांनी पहिले निष्कर्ष छापले. पुढं हा प्रयोग पंधरा लेकरांपर्यंत गेला. धान्य, भाज्या, फळं, दूध, मांस, अंडी असे चौतीस पदार्थ यादीत होते. नर्सनं चमचा हातात धरून शेजारी गप्प बसायचं. लेकरानं बोट दाखवलं तरच भरायचा, तोंड उघडलं तरच घालायचा. हे खा नाही, ते खा नाही, शाब्बास नाही. लेकरांनी जेवणं केली ती आपल्या आजींना भोवळ आणणारी होती. कुणी न्याहारीला संत्र्याचा रस आणि काळीज खाल्लं. एक लेकरू मुडदुसाचं होतं. त्याच्या ताटात कॉड माशाच्या तेलाची वाटी ठेवली, तर आजार बरा होईपर्यंत ते आपणहून पीत राहिलं आणि नंतर त्यानं ते सोडलं. सगळी लेकरं धडधाकट वाढली. यातली मेख बाईंनी स्वतःच सांगितली होती. ताटात वाईट असं काही नव्हतंच. निवड लेकरांची, पण ताट मोठ्यांनी लावलेलं. पुढं एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी याच धर्तीवर घरातल्या कामाची वाटणी करून दिली. काय, कधी आणि कुठं, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे लेकरानं.

गुरुजींच्या घरी ही वाटणी झाली ती उपासामुळं. आषाढ वद्य एकादशीला नर्सीला परतवारीची यात्रा भरते. पंढरपूरहून आलेले वारकरी नामदेवाच्या गावी येऊन वारी पुरी करतात. गुरुजी सहकुटुंब गेले, दर्शनाच्या रांगेत ताटकळले, रात्री उशिरा परतले. दिवसभर भगर आणि शेंगदाण्याची आमटी. द्वादशीला सकाळी बारस सोडायची म्हणून आजींनी लवकर स्वयंपाक केला आणि सगळे एका ओळीत पाटावर बसले. भूक अशी लागलेली, की कुणाला कुणाकडं बघायची शुद्ध नव्हती. लेकीनं छकुलीला आपल्या डाव्या बाजूला, पाठीला उशी लावून, बसवलं. तिचं वरण मीठ आणि फोडणी घालायच्या आधीच बाजूला काढलेलं. त्यात मऊ भाकरी कुस्करून ताटली तिच्यापुढं ठेवली आणि लेकही आपल्या ताटाला लागली.

छकुलीनं आधी सगळ्यांकडं पाहिलं. कुणीच बघत नव्हतं. सगळे खात होते. तिनं ताटलीत पंजा घातला, काला मुठीत आवळला, बोटांच्या फटींतून निम्मा गळू दिला, आणि उरलेली मूठ तोंडात नेली. जीभ फिरली, हनुवटी हलली, ओठ मिटले. फुर्र झालं नाही. दुसरी मूठ भरली. तिसऱ्या मुठीला मामाचं लक्ष गेलं आणि त्यानं आजींना कोपर मारलं. आजींनी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींचा घास हातातच राहिला. ते उठायला लागले. वही कपाटावर होती.

"दादा," लेक म्हणाली, "वरण निवतंय तुमचं. जेवा."

गुरुजी बसले. याआधी लेकीनं त्यांना आज्ञा केल्याचं आणि त्यांनी ती पाळल्याचं त्या घरातल्या कुणाला आठवत नाही. त्या दिवसाची नोंद रजिस्टरात नाही, एवढं मात्र खरं.

छकुली आता खाते. रोज नाही. कधी चार मुठी, कधी अर्धी, कधी ताटली उलटी करून डोक्यावर. वजन हिरव्या पट्ट्यात आहे. यातून गुरुजी बदलले असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं आमच्या जिल्ह्यातले गुरुजी पाहिलेले नाहीत. शिक्षक कॉलनीत कुणाकडं लेकराला वरचं सुरू झालं, की गुरुजी तिथं हजर. "लेकराच्या तोंडाकडं बघू नका!" असं ते दारातूनच दरडावतात आणि कुणी बघत नाही ना, हे तपासायला लेकरासमोर खुर्ची टाकून बसतात. लेकरू अर्थातच खात नाही. ते खुर्चीवरच्या गुरुजींकडं बघत राहतं. घरचे लोक मान खाली घालून जेवतात. गुरुजी वहीत लिहितात, 'पालकांची प्रगती चांगली.'

तेव्हा वाचकहो, घरात लेकरू खाईना झालं तर आधी अंगणवाडीत नाहीतर दवाखान्यात नेऊन वजन करून घ्या. वजन वाढत असेल तर त्याला तुमच्या पंगतीला बसवा, बिनमिठाचा घट्ट वरण-भात पुढं ठेवा, आपण शेजारी बसा, आणि डोळे आपल्या ताटात ठेवा. एखादे गुरुजी आलेच, तर त्यांनाही ताट वाढा. तोंडात घास असला की माणसाला सल्ला देता येत नाही.